बाहेरचा शिकारी बोलवावा काय ?

कोरपन्याहून आमच्या एका निकटच्या आप्तांचें पत्र आलें आहे. पत्र खासगी खरें. पण त्यांतील प्रश्न एकट्या त्यांच्या घरचा नसल्यामुळें तो वाचकांपुढें मांडण्याची परवानगी आम्हीं मागून घेतली. घर एकत्र कुटुंबाचें. तीन भाऊ, वृद्ध मातोश्री, सुना, मुलेंबाळें मिळून पंधरा-सोळा पानें. शेत माणिकगडाच्या डोंगराकडे, जंगलाच्या कडेला. कापूस फुटला आहे, आणि ऐन वेचणींत वाघ दिसूं लागला आहे. एक बैल गेला. वेचणीच्या बायांनीं पाठ फिरविली. गांवकऱ्यांनीं अर्ज तयार केला आहे, कीं वनखात्याच्या हातून कांहीं होत नाहीं, तरी बाहेरून नामांकित शिकारी आणून वाघास ठार करावें. आमच्या आप्तांची सही तेवढी राहिली आहे. "सही करूं कीं नको ?" एवढाच त्यांचा प्रश्न.

घरांत दोन तट पडले आहेत. थोरल्या बंधूंचें म्हणणें, माणसाच्या जिवापुढें वाघाचा जीव तो काय ! पुण्यास शिकून आलेल्या धाकट्यांचें म्हणणें, वाघास हात लावणें हें पापही आणि गुन्हाही. आमच्या मतें दोघांचेंही अर्धेंच खरें आहे.

प्रथम कायदा पाहूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी केली, हें सर्वश्रुत आहे. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें, वाघ माणसाच्या जिवास धोकादायक झाला अशी खात्री पटल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास लेखी व सकारण हुकूम देतां येतो. मात्र ठार मारण्याचा हुकूम देण्यापूर्वीं, त्या जनावरास पकडणें, बेशुद्ध करणें किंवा दुसरीकडे हलविणें शक्य नाहीं, अशी त्यांची खात्री झाली पाहिजे. तेव्हां धाकट्यांनीं समजावें, कीं कायदा माणसास वाऱ्यावर सोडीत नाहीं. आणि थोरल्यांनीं समजावें, कीं बंदूक ही पहिली पायरी नसून शेवटची आहे. एक बैल नेला एवढ्यानें वाघ नरभक्षक ठरत नाहीं.

आतां बाहेरच्या शिकाऱ्याविषयीं. राजुरा-कोरपन्याचा हा मुलूख पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता; १९५६ सालीं तो नांदेड जिल्ह्यांत आला व १९५९ सालीं चांद्यास जोडला गेला. जुन्या काळीं अशा रानांत शिकारीस येणारे साहेब आणि सरदार बंदूक आपली आणीत. पण माग काढणारा, हाका घालणारा आणि वाट दाखविणारा गांवचाच असे, बहुधा गोंड, नाहींतर कोलाम. वाघ कोणत्या नाल्यानें पाण्यावर येतो, मचाण कोणत्या झाडावर बांधावें, हें तोच सांगे. पुढें छायाचित्रांत मेलेल्या वाघाशेजारीं बंदूकवाला ऐटींत उभा राही. वाटाड्याचें नांव सहसा कोणी लिहून ठेवीत नसे.

जिम कॉर्बेट हें नांव आमच्या वाचकांस परकें नाहीं. १९०७ सालीं कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीस मारण्याचें काम त्यांनीं पत्करिलें. तिच्या नांवावर ४३६ बळी सांगितले जात. काम घेतांना त्यांनीं दोन अटी घातल्या : सरकारी बक्षिसें रद्द व्हावीं, आणि आधीं नेमलेले शिकारी व शिपाई परत बोलवावे. बक्षिसासाठीं शिकार करणारा म्हणवून घेणें त्यांस नको होतें. शिवाय अनेक बंदुका एका रानांत फिरूं लागल्या, म्हणजे गोळी कोणास लागेल याचा नेम नसतो. अखेर वाघीण हातीं लागली ती तहसीलदारानें जमविलेल्या २९८ गांवकऱ्यांच्या हाक्यानें. तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले निघाले. तें कोणा जुन्या बंदूकवाल्याच्या गोळीचें काम होतें. रानांतलें भक्ष्य धरतां येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष आहे. एका चुकलेल्या गोळीची किंमत शेंकडों घरांनीं मोजली !

याहून जवळचें उदाहरण पांढरकवड्याचें. तेथें व राळेगांव भागांत २०१६ पासून दोन वर्षांत तेरा माणसें गेलीं, आणि त्यांचा ठपका 'टी-१' वाघिणीवर आला. हिलाच पुष्कळ लोक 'अवनी' म्हणत. आधीं बेशुद्ध करण्याचा यत्न करावा व तो फसल्यास गोळी घालावी, असा हुकूम झाला. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. मात्र मारणाऱ्यास बक्षीस देऊं नये, असें बजावलें. कॉर्बेटची अट शंभर वर्षांनीं न्यायालयाच्या तोंडून पुन्हा ऐकूं आली. हत्ती आले, कुत्रे आले, हैदराबादचे खासगी शिकारी आले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं वाघीण मारली गेली. त्या वेळीं पशुवैद्य तेथें हजर नव्हता; राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनें नियमभंगाचा ठपका ठेवला. मागें दोन बछडे राहिले, आणि वाद वर्षानुवर्षें चालला. गांवांत त्या दिवशीं फटाके वाजले. ज्यांच्या चुलीपाशीं एक पाट कायमचा रिकामा झाला, त्यांच्या फटाक्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार शहरांत आरामखुर्चींत बसलेल्या आम्हांस नाहीं, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

पण त्यानंतर दोनच वर्षांनीं काय झालें, तें आमच्या आप्तांच्या शेजारच्याच तालुक्यांत घडलें आहे. राजुरा-विरूरच्या जंगलांत 'आरटी-१' या वाघानें २०१९ व २०२० या सालांत आठ माणसें मारलीं. त्यास गोळी घालण्याची मागणी तेथेंही झाली. वनखात्यानें कॅमेरे लावून त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा धुंडाळल्या, आणि २७ ऑक्टोबर २०२० रोजीं बेशुद्धीचा बाण मारून त्यास जिवंत धरून नागपुरास गोरेवाड्याला नेलें. फार उशीर झाला, हा आक्षेप आम्ही मान्य करतों. त्या उशिरांत माणसें गेलीं. पण काम साधलें तें वाटा ओळखल्यामुळें, हें विसरतां येत नाहीं.

आतां पत्रांतील शेवटच्या मजकुराकडे वळूं. आमच्या मतें उत्तर तेथेंच आहे. बैठकींत वाद रंगला असतां मातोश्रींनीं आंतून विचारलें, "त्या वेचणीच्या बायांना कोणीं विचारलें का ?" कोणीं विचारलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सूनबाई त्यांच्याकडे जाऊन आल्या. बायांनीं बंदूक मागितली नाहीं. त्या म्हणाल्या, "ऊन वर आल्याशिवाय आम्हांला शेतांत धाडूं नका, दिवस असतांना सोडा. बांधालगतचें झुडूप कापून टाका. आणि रान ओळखणारा म्हातारा कोलाम आमच्याबरोबर राखणीस द्या. त्याची मजुरी तुम्ही द्या." वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघ चटकन् येतो, हें त्या बायांना पुस्तकांवांचून ठाऊक आहे.

आमचे आप्त प्रांजळ आहेत. ते लिहितात, कीं या मजुरीचा विषय निघतांच तिन्ही भाऊ गप्प झाले. अर्जावरील सही फुकट असते, राखणदारास मात्र रोज पैसे मोजावे लागतात !

म्हणून आमचें उत्तर असें : या अर्जावर सही करूं नये, पण हात जोडून स्वस्थही बसूं नये. दुसरा अर्ज लिहावा. कॅमेरे लावावे, गस्त घालावी, व वाघ माणसावर येऊं लागल्यास त्यास पकडण्याची तयारी ठेवावी, असें त्यांत मागावें. बैल गेल्याची खबर वनखात्यास विनाविलंब देऊन पंचनामा करवून घ्यावा. मेलेलें जनावर हलवूं नये, आणि रागाच्या भरांत त्यावर विष तर मुळींच टाकूं नये. उद्यां माणसाचा जीव गेला आणि पकडण्याचे सारे उपाय थकले, तर कायद्यानें ठेवलेली शेवटची पायरी मागण्यास आम्हीही त्यांच्याबरोबर उभे राहूं.

आणि माणूस भाड्यानें ठेवावयाचाच, तर तो वाटाड्या ठेवावा. तो हैदराबादेहून आणावयास नको; डोंगराच्या पायथ्याशींच राहतो. त्याची मजुरी कापसाच्या पैशांतून आधीं काढून ठेवावी, आणि यंदाच्या जमाखर्चांत ती त्याच्या नांवानें लिहावी.