थट्टेची मर्यादा कोणी आखावी?

भंडारा जिल्ह्यातील सानगडीसारख्या गावी खडीगंमत किंवा दंडार रंगते, तेव्हा पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही रेवडी उडते आणि ज्याची उडते तोही पुष्कळदा प्रेक्षकांत बसून हसतो. आज त्याच गावच्या तरुणाच्या हाती मोबाइल आला आहे. त्याची थट्टा एक चित्र व दोन ओळी यांचे, म्हणजे 'मीम'चे, रूप घेऊन क्षणार्धात परमुलखी जाते. सोंगाड्या लोकांसमोर उभा असतो. मीमचा कर्ता बहुधा अज्ञातच राहतो. तेव्हा मर्यादेचा प्रश्न उद्भवावा, यात नवल नाही. आमचा आक्षेप आहे तो ही मर्यादा संतप्त जमावाने व पोलीस ठाण्याने परस्पर आखावी, याला.

सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी व त्या मतास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, या दोघींना पालघर येथे अटक करण्यात आली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले, आणि हिंसेस चिथावणी नसेल तर राज्यकर्त्यांवरील टीका राजद्रोह ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने त्रिवेदी प्रकरणी दिला. न्याय मिळाला खरा. पण तो येईपर्यंत कोठडीचे दिवस भोगून झाले होते.

याचा अर्थ मोबाइलवरील प्रत्येक मजकूर निरुपद्रवी असतो, असा मुळीच नव्हे. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाच्या मारहाणीत प्राणांस मुकले. जून २०२३ मध्ये काही मोबाइल 'स्टेटस'चे निमित्त होऊन कोल्हापुरात दगडफेक व लाठीमार झाला. स्वातंत्र्याला मर्यादा हवी, हे राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्येच नमूद आहे, आणि त्यात सार्वजनिक सुव्यवस्थेचा उल्लेख १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. परंतु सुव्यवस्था बिघडविणारा कोण, हे आधी पाहिले पाहिजे. मजकुरानेच दुर्बलांवर हात उगारण्यास चिथावले असेल, तर कर्त्यास शासन व्हावे. सत्ताधाऱ्याची थट्टा झाली म्हणून त्याचे अनुयायी दगड उचलत असतील, तर अपराधी दगड उचलणारा आहे, थट्टा करणारा नव्हे. हा भेद पुसला गेला, तर ज्याच्या पदरी मोठा जमाव, त्याच्याच भावना पवित्र ठरतील.

राजद्रोहाचे कलम लावण्यापूर्वी पोलिसांनी विधी अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय घ्यावा, असा दंडक त्रिवेदी प्रकरणाच्या निमित्ताने राज्यात आला. व्यंगचित्र, विडंबन वा मीम यांवरून होणाऱ्या प्रत्येक अटकेस तोच दंडक शासनाने लागू करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यात खर्च काहीच नाही. एका रात्रीचा संयम तेवढा हवा. सानगडीच्या प्रेक्षकाला जो संयम साधतो, तो मंत्रालयाला साधू नये काय?