जुनी स्पोर्ट्स कार : गिअर हाताने टाकायचा की आपोआप पडणारा?

वस्तू नवी घ्यावयाची असेल तर गाठीला पैसा असला की बहुधा भागते. जुनी घ्यावयाची असेल तर पैशाच्या जोडीला पारखही लागते. वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी असा प्रसंग आला असेल, किंवा पुढे येईल. मुलगा वा मुलगी मिळवती झाली आहे, लहानपणापासून मनात घर करून बसलेली एखादी स्पोर्ट्स कार आता जुन्या बाजारात आवाक्यात आल्यासारखी दिसते आहे, आणि घरात वाद मात्र एकाच मुद्द्यावर अडला आहे. गिअर हाताने टाकावयाची गाडी घ्यावी की ऑटोमॅटिक? तरुण मंडळी म्हणतात, हातात गिअर नसेल तर ती स्पोर्ट्स कार कसली? वडीलधारी म्हणतात, रोजच्या गर्दीत क्लच दाबून पाय मोडून घेण्यात काय सुख?

हा वाद आवडीनिवडीचा वाटतो. पण त्यामागे घरची पुंजी उभी असते. ‘आवाक्यात आल्यासारखी’ हे शब्द म्हणूनच जपून वापरले आहेत. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र तशी उतरत नाही. पंधरा वर्षांची महागडी गाडी स्वस्तात मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स बिघडल्यावर येणारे बिल महागड्या गाडीचेच असते. किंबहुना काही वेळा ते बिल आणि गाडीची किंमत ह्यांत फारसे अंतर उरत नाही. म्हणून हा निर्णय हौसेवर सोडून चालणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खरी स्पोर्ट्स कार म्हणजे हाताने गिअर टाकावयाचीच, असे इतिहास सांगत नाही. अमेरिकेची नामांकित शेव्हरोले कॉर्वेट १९५३ साली निघाली. त्या वर्षी तयार झालेल्या तीनशेच्या तीनशे गाड्यांना दोनच गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. हाताने टाकावयाचे तीन गिअर तिला मिळाले ते १९५५ मध्ये. पुढे साठ-पासष्ट वर्षे रसिकांनी हातच्या गिअरची कॉर्वेट डोक्यावर घेतली. आणि २०२० सालची नवी कॉर्वेट पाहावी तर तीत क्लचचे पायडलच नाही! तेव्हा ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हा भेद येथे लावू नये. खरा भेद आहे तो यंत्रायंत्रांतला.

तो समजावयाचा तर बॉनेटखाली थोडे डोकवावे लागेल. इंजिन सतत फिरत असते. चाकांना मात्र कधी थांबावयाचे, कधी हळू तर कधी वेगाने फिरावयाचे असते. ह्या दोहोंची सांगड घालणे हे क्लच आणि गिअरबॉक्स ह्यांचे काम. हातच्या गिअरच्या गाडीत क्लचची तबकडी आपण पायाने सोडवतो, गिअर बदलतो आणि तबकडी पुन्हा चिकटू देतो. तबकडी घासली जाणार हे ठरलेलेच असते. ब्रेकच्या पट्ट्यांप्रमाणे ती झिजावयासाठीच बनविलेली असते.

‘ऑटोमॅटिक’ ह्या शब्दाखाली मात्र निरनिराळी यंत्रे नांदत असतात. त्यांपैकी जुने आणि दणकट म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचे. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवावा, म्हणजे पहिल्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याऐवजी तेल असते, एवढाच फरक. दुसरा प्रकार असा की गिअरबॉक्स हातच्याच जातीचा, परंतु क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्राच्या हाती दिलेले. तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम गिअर. एका गिअरमध्ये गाडी धावत असते तोच पुढचा गिअर सज्ज होऊन बसलेला असतो. त्यामुळे बदल निमिषार्धात होतो. चौथा, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी प्रकार घरगुती गाड्यांत पुष्कळ दिसतो. स्पोर्ट्स कारमध्ये तो क्वचितच भेटतो.

ह्या भेदाने व्यवहारात काय फरक पडतो, ते एकाच गाडीच्या उदाहरणाने पाहू. जर्मनीची पोर्शे ९११ साठ वर्षांहून अधिक काळ ह्याच नावाने विकली जात आहे. १९६७ मध्ये तिच्यात ‘स्पोर्टोमॅटिक’ आले. त्यात क्लचचे पायडल नव्हते, गिअर मात्र हातानेच बदलावा लागे. दांड्याला हात लागताच क्लच सुटे. १९९० च्या सुमारास ‘टिपट्रॉनिक’ आले, ते टॉर्क कन्व्हर्टरचे. २००८ मध्ये ‘पीडीके’ हा सात गिअरांचा दुहेरी क्लच आला. म्हणजे बाजारात ‘पोर्शे ९११, ऑटोमॅटिक’ एवढेच लिहिलेले पाहून आपल्याला काहीच कळत नाही.

ह्यातील गंमत पाहा. २००४ साली निघालेल्या पिढीतील कॅरेरा ही साधी गाडी घेतली, तर थांबलेल्या स्थितीतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठावयास हातच्या गिअरला पाच सेकंद आणि टिपट्रॉनिकला साडेपाच सेकंद, असे कंपनीचेच आकडे होते. २००८ मध्ये तिच्यात फेरबदल झाल्यावर चित्र उलटले. हातच्या गिअरला ४.९ सेकंद, तर पीडीकेला ४.७. बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ जुळ्या दिसतात. परंतु ‘ऑटोमॅटिक संथ असते’ हे विधान एकीविषयी खरे आणि दुसरीविषयी खोटे. म्हणून पहिला प्रश्न ‘हातचा की आपोआप?’ हा नसून ‘कोणत्या वर्षीचा, कोणत्या जातीचा?’ हा असावयास हवा.

आपल्या रस्त्यांवरील उदाहरण हवे असेल तर फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे घ्या. ती काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु थोड्या पैशांत वेगाची हौस भागवणारी म्हणून आजही जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक असते. २०१३ मध्ये भारतात आली तेव्हा तिच्यात सात गिअरांचा कोरड्या जातीचा दुहेरी क्लच होता. २०२० नंतरच्या ऑटोमॅटिकमध्ये सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर. नाव तेच, यंत्र निराळे! सात गिअरांच्या त्या दुहेरी क्लचच्या दोषापायी कंपनीला २०१३ मध्ये चीनमधील पावणेचार लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. याचा अर्थ प्रत्येक गाडी वाईट, असा नव्हे. अशी गाडी घेताना गिअरबॉक्सवर पूर्वी कोणते काम झाले, ह्याचे कागद मागावेत, एवढाच.

आता पारखण्याकडे वळू. हातच्या गिअरच्या गाडीचा मोठा गुण हा की तिची दुखणी चालवताना बरीचशी कळतात. मोकळ्या रस्त्यावर, वेग बेताचा असताना वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर चांगला दाबून पाहा. इंजिनाचे फेरे वाढले, आवाज चढला, पण गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. इंजिन थंड असतानाच तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकून पाहावा. खरखर झाली तर आत गिअरांचा वेग जुळवणारी कडी झिजली आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपण होऊन निसटत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. क्लच बदलणे स्पोर्ट्स कारमध्ये काही स्वस्त नसते, पण ते ठाऊक असलेले काम आहे आणि कुशल मिस्त्री ते करू शकतो.

ऑटोमॅटिकची दुखणी बहुधा मुकी असतात, म्हणून तेथे अधिक चौकस राहावे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. इंजिन थंड असताना, ब्रेक दाबून ठेवून, न्यूट्रलवरून पुढच्या आणि मग मागच्या गिअरमध्ये टाकून पाहावे. मध्ये विलंब लागला किंवा धक्का बसला तर सावध व्हावे. दुहेरी क्लचच्या गाडीची परीक्षा वेगात करू नये, गर्दीत करावी. मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना आणि चढावर मागे घेताना ती थरथरली तर आत झीज झाली आहे असे समजावे. गिअरबॉक्समधील तेल केव्हा बदलले ह्याची पावती मागावी. ‘ह्यातले तेल जन्मभर बदलावे लागत नाही’ असे कोणी सांगितले तर हसून पुढचा प्रश्न विचारावा, कारण कोणाचा जन्म हे तो सांगत नसतो. शेवटी जाणत्या वर्कशॉपमध्ये गाडीला संगणक जोडून गिअरबॉक्समधील नोंदी वाचून घ्याव्यात. त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असते.

क्लच यंत्राच्या हाती दिलेल्या दुसऱ्या प्रकाराविषयी एक शब्द वेगळा सांगावयास हवा. त्या काळी ही यंत्रे शर्यतीच्या तंत्रातून आलेली, म्हणून मोठ्या अभिमानाने विकली गेली. १९८९ मध्ये फेरारीने अशाच गिअरबॉक्सची गाडी ब्राझीलच्या शर्यतीत उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ती जिंकून दिली. १९९७ मध्ये ते तंत्र फेरारीच्या रस्त्यावरील गाडीत आले. परंतु शर्यतीत जे शोभले ते वीस वर्षांच्या वापरानंतर कुरकुरू लागले. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-३ मधील असा गिअरबॉक्स काढून अनेक मालकांनी हातचा गिअर बसवून घेतला आहे. उलट फेरारीच्या त्याच काळातील हातच्या गिअरच्या गाड्या आता दुर्मीळ झाल्याने त्यांना यंत्रवाल्या भावंडांपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. जुन्या गाडीला पुढे मोल येते की नाही, ह्यात गिअरबॉक्सचा वाटा असा मोठा असतो. तथापि दुर्मीळपणाच्या आशेवर घरची शिल्लक गुंतवू नये; हौसेला गुंतवणुकीचे नाव दिले म्हणून ती गुंतवणूक होत नाही.

यंत्र पारखून झाले, आता माणसे पारखू. गाडी रोज कचेरीला न्यावयाची की रविवारी पहाटे घाटात? घरात ती एकटा मुलगा चालवणार की पत्नी, बहीण, वडीलही? कोणाच्या गुडघ्याला त्रास आहे काय? स्पोर्ट्स कारचा क्लच बहुधा जड असतो आणि पुणे किंवा बंगळूर येथील संध्याकाळच्या गर्दीत तो तासभर दाबणे ही शिक्षाच होय. तेथे धड स्थितीतील टॉर्क कन्व्हर्टर वा चांगला राखलेला दुहेरी क्लच घेणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. उलट आपण एखाद्या लहान गावी राहत असाल आणि त्या यंत्राचा जाणकार तीनशे किलोमीटरांवर असेल, तर हातचा गिअर हाच शहाणपणाचा मार्ग. गाडी अडली तर ती गावातल्या गावात उभी राहण्याची आशा तरी असते.

मग निष्कर्ष काय? दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुनी स्पोर्ट्स कार असेल आणि तिचे कागद अपुरे असतील, तर हातच्या गिअरची गाडी घ्यावी; तिची झीज लवकर कळते आणि दुरुस्ती बेताची असते. गाडी अलीकडची असेल, तेल बदलल्याच्या पावत्या हाती असतील आणि जाणकार वर्कशॉप जवळ असेल, तर ऑटोमॅटिकला घाबरण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही बाबतींत सौदा ठरविण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. क्लच किंवा संपूर्ण गिअरबॉक्स बदलावयास किती खर्च येईल, हे वर्कशॉपकडून लेखी घ्यावे आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवून घरातल्या सर्वांसमोर ठेवावा. ती बेरीज पाहूनही घरातली मंडळी ‘घ्या’ म्हणाली, तर गाडी खुशाल घ्यावी.