साल किती जाड?

जून आला की हापिसात ती मेल येतेच. "चला, झाडं लावूया!" शनिवारी सकाळी सातला बस, कंपनीचा टी-शर्ट, नाश्ता फुकट आणि माणशी पाच रोपं. संध्याकाळपर्यंत फोटो. पुढे फेब्रुवारी-मार्चात तीच टेकडी वणव्यात काळीठिक्कर पडते, त्याची मेल मात्र कुणीच पाठवत नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच खड्ड्यांत नवी रोपं, नवा टी-शर्ट.

यावर काही बोललं की दोन उत्तरं ठरलेली. एक, "अरे, निदान काहीतरी करतायत ना?" आणि दोन, "जंगल आहे ते, जळलं तरी परत येतं." पहिल्यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही :-) दुसरं मात्र चक्क चुकीचं आहे, आणि ते आपल्यासारख्या आकडेमोड करून पोट भरणाऱ्या लोकांनी बोलावं याचा जास्त राग येतो.

तर मंडळी, थोडी आकडेमोडच करू.

झाडाच्या सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा एक पातळ जिवंत थर असतो. बाहेरच्या बाजूला नवी साल आणि आतल्या बाजूला नवं लाकूड तिथूनच तयार होतं. साधारण ६० अंश सेल्सिअसला हा थर मरतो. बुंध्याभोवती सगळीकडून मेला की वरचं झाड संपलं. आग आणि हा थर यांच्या मध्ये उभी असते फक्त साल. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे साल दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट. ढोबळ हिशोब असा, की १ सेंटीमीटर साल सुमारे ३ मिनिटं तग धरते. २ सेंटीमीटर असेल तर ११-१२ मिनिटं. अर्धा सेंटीमीटर असेल तर पाऊण मिनिटसुद्धा नाही. गवताची आग एका बुंध्यापाशी फार रेंगाळत नाही हे खरं, पण पाऊण मिनिट ती सहज थांबते.

आणि आपण शनिवारी लावलेलं पेन्सिलीएवढं रोप? त्याची साल जेमतेम मिलिमीटरभर. त्याच सूत्राने दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. साल खोडाबरोबर जाड होत जाते, त्यामुळे रोप कुठल्याही जातीचं असो, पहिली काही वर्षं ते उघडंच असतं.

मोठ्या झाडांत मात्र जातीजातीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सह्याद्रीत कुठल्याही जळक्या माळावर जा, कुंभा हमखास भेटेल. जाड, बुचासारखी, भेगाळलेली साल. (याच सालीच्या वाखाची वात पूर्वी तोड्याच्या बंदुकांना वापरत. हळूहळू धुमसत राहायची म्हणून.) ऐनाची साल तर मगरीच्या पाठीसारखी. पळसही वणव्याला सहजासहजी दाद देत नाही, वरून जळला तरी मुळाकडून पुन्हा फुटतो. आता महाबळेश्वरच्या रानातली अंजनी बघा. साल पातळ. त्या ओलसर, सावलीच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या आग फिरकलीच नाही, तर जाड साल बनवण्यात साखर खर्च करायची कुणी आणि कशाला? झाडांचंही बजेट असतं.

आता सांगा, "जंगल परत येतं" म्हणजे नक्की कोण परत येतं? कुंभा येतो, पळस येतो. सदाहरित रानाच्या कडेची पातळ सालीची झाडं येत नाहीत. ती गेली की तिथे ऊन पोचतं, गवत माजतं, वाळतं आणि पुढचा वणवा आणखी चार पावलं आत शिरतो. ऑगस्टमधल्या फोटोत सगळंच हिरवं दिसतं. त्या हिरव्यात कोण शिल्लक आहे हे फोटो सांगत नाही.

बरं, जाड साल म्हणजे अमरपट्टा, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या जायंट सिकोयाची साल ६० सेंटीमीटरपर्यंत जाड असते. तरी २०२०च्या कॅसल फायरमध्ये जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १० ते १४ टक्के मेले असा तिथल्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा अंदाज आहे. तिथे ही गत, तर आपल्या अंजनीचं काय घेऊन बसलात!

पण आपल्याला आकडा हवा असतो तो लावलेल्या झाडांचा. २०१७ ते २०१९ मध्ये महाराष्ट्राचं लक्ष्य होतं ४, १३ आणि ३३ कोटी, एकूण ५० कोटी. सरकारला नावं ठेवणं सोपं आहे, आपल्या कंपन्या छोट्या आकड्यांत तेच करतात. कोड किती ओळी लिहिला यावर कुणी आपलं अप्रेझल केलं तर आपण कँटीनमध्ये तासभर बोंबलतो. इथे मात्र खड्डे मोजून टाळ्या.

आणि हो, "गावकरीच जाळतात हो" हे पालुपद आता पुरे. चांगलं गवत येईल म्हणून माळ पेटवले जातात, खरं आहे. पण गडाखाली तंबू ठोकून शेकोटी अर्धवट विझवून येणारे कोण असतात? तुमच्या-माझ्या बाजूच्या क्युबिकलमधले.

माझं म्हणणं साधं आहे. वणवा लागणाऱ्या टेकडीवर नवं रोप लावण्याआधी तिथली आग थांबवा. जळलेल्या खुंटांतून जुन्या मुळांच्या जोरावर जे फुटवे येतायत, ते आपल्या रोपांपेक्षा कितीतरी दणकट आहेत. त्यांना काही उन्हाळे आगीविना मिळाले तर साल जाड करायला वेळ मिळेल. त्यासाठी लागते जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, आणि ती आखायची वेळ जून नव्हे. डिसेंबर-जानेवारी. वनखात्याला किंवा गावाला विचारून जायचं आणि ते दाखवतील तिथे गवत कापायचं. गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यांत शिरतात, हात कापतात आणि फोटो अत्यंत भिकार येतात. यायचं असेल त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या, आणि विळा आपापला.