सप्त आणि सेत्ते

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येस इटालियन भाषा शिकण्यासाठीं उन्हाळ्याचे दोन महिने पेरुजिया येथें जावयाचें आहे. त्यासाठीं आजीनें स्वतःच्या पाटल्या मोडावयास काढल्या. 'दोन महिन्यांत भाषा ती काय येणार?' म्हणून काका अडून बसले. निवाडा आमच्याकडे आला आहे.

तिनें अवश्य जावें. डोंगरमाथ्यावरील या प्राचीन नगरांत आस्तोर्रे लुपात्तेल्ली नामक वकिलानें परकीयांसाठीं १९२१ सालीं वर्ग काढले. १९२५ सालीं त्यांस विद्यापीठाचें रूप आलें. समोरच दोन सहस्र वर्षांहून जुनी इट्रुस्कन वेस उभी आहे. मुलीचें संस्कृत चांगलें आहे. सप्त, अष्ट, नव यांस तेथें सेत्ते, ओत्तो, नोव्हे म्हणतात. हें साम्य फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानें हिंदुस्थानांतून धाडलेल्या पत्रांत नमूद केलें, तेंही विल्यम जोन्सच्या १७८६ च्या व्याख्यानापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें! बिचारा १५८८ सालीं गोव्यासच वारला.

काकांची शंका मात्र अगदींच निराधार नव्हे. आपल्याकडील मुलींसमवेत खोली घेऊन राहिल्यास दोन महिने मराठींतच जातील. इटालियन कुटुंबांत राहावें. सकाळीं शिकलेलें क्रियापद सायंकाळीं बाजारांत, चुकत कां होईना, वापरावें. आजींस चिंता जेवणाची. उंब्रिया प्रांताची मसूर प्रसिद्ध आहे, भाज्याही विपुल. फक्त सारांत मांसाचा रस आहे काय, हें विचारण्याचें वाक्य मुलीनें निघण्यापूर्वींच पाठ करावें.