जमिनीचा नकाशा कोणी काढावयाचा?

२०१९ च्या महापुरानंतर पलूस तालुक्यातील एका नदीकाठच्या गावी विद्यार्थ्यांसह गेलो असता, एका वृद्ध शेतकऱ्याने घराच्या भिंतीवरील दोन खुणा दाखविल्या. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. पाणी प्रथम कोणत्या ओढ्याने मागे फुगत आले, कोणत्या पाणंदीने गावठाणात शिरले, कोणता माळ अखेरपर्यंत कोरडा राहिला, हे सारे त्याला पाठ होते. हे नकाशावर उतरवून घ्यावयास कोणी आले होते काय, असे विचारताच तो नुसता हसला.

कॅनडाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशात मात्र असे कोणी आले होते. शाळेच्या भूगोलात ज्यांना आपण एस्किमो म्हणत आलो, त्या इन्युइट लोकांच्या संघटनेने १९७३ साली एक पाहणी हाती घेतली. शेकडो शिकाऱ्यांपुढे नकाशे पसरण्यात आले, आणि आपण आयुष्यभर कोठे शिकार केली, कोठे मासे धरले, कोठे मुक्काम ठोकला, हे प्रत्येकाकडून त्यांवर नोंदवून घेण्यात आले. १९७६ मध्ये ही पाहणी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. सरकारदप्तरी ओसाड गणलेली भूमी वस्तुतः पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत होती, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे २५ मे १९९३ रोजी करार झाला, १९९९ मध्ये नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला, आणि जमिनीच्या वापराचे नियोजन करणाऱ्या मंडळावर इन्युइटांनी सुचविलेले सदस्य बसू लागले.

तेथे सारे सुरळीत झाले असे मात्र नव्हे. कॅरिबू हरणांच्या विणीच्या जागी खाणींना मज्जाव असावा की नसावा, यावरून वर्षानुवर्षे खल झाला. संपूर्ण प्रदेशाचा आराखडा मान्यतेसाठी सादर व्हावयास २०२३ साल उजाडले. म्हणजे करारानंतर तब्बल ३० वर्षे! परंतु भांडण झाले ते लोकांसमक्ष, आणि नकाशा समोर ठेवून.

योगायोग असा की, त्या करारानंतर अवघ्या आठवड्याने, १ जून १९९३ रोजी, आपली ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. तिने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. समितीचे चारपंचमांश सदस्य पंचायती व नगरपालिकांतून निवडून आलेले असावेत, आणि जमिनीचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी यांचा विचार तिने आराखड्यात करावा, असे घटना सांगते. व्यवहारात या समितीची बैठक म्हणजे प्रामुख्याने निधीची वाटणी! प्रादेशिक योजनेसाठी १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्यात हरकती मागविण्याची तरतूदही आहे. पण हरकत घेतली जाते ती तयार नकाशावर. रेषा आधीच ओढलेली असते.

शेजारच्या गोव्यात लोकांनी ही रेषा पुसावयास लावली. प्रादेशिक योजना २०११ विरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये शासनाला ती मागे घ्यावी लागली. परंतु योजना रद्द करविणे निराळे, ती प्रथमपासून लोकांनी घडविणे निराळे.

आपल्या भागात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ब्रह्मनाळ कृष्णा-येरळेच्या संगमावर वसलेले गाव. ८ ऑगस्ट २०१९ रोजी तेथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. पाटबंधारे खाते २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखते. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी मेख प्लॉटच्या भावात आहे. पूरक्षेत्रात भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्याचा नफा त्याच्या पदरात पडतो. अडलेले पाणी शिरते ते दुसऱ्याच्या घरात. त्या नुकसानीचा एक पैसाही खरेदीखतात दिसत नाही. उसाला बेसुमार पाणी पाजल्याने क्षारपड झालेल्या रानाचीही हीच कथा. मुरलेले पाणी बांध ओळखत नाही.

गावाला सारे कळते म्हणून गाव नेहमी योग्यच वागते, असा भाबडा समज प्रस्तुत लेखकाचा नाही. भराव टाकणारे पुष्कळदा गावचेच असतात. पाटाचे पाणी रात्रभर सोडून झोपणारेही आपणच. म्हणूनच नकाशा चावडीवर लावला पाहिजे. भराव कोणाचा आणि पाणी कोणाच्या दारी, हे सर्वांना एकदम दिसले की ग्रामसभेत गप्प बसणे कठीण जाते. प्रतिसरकारच्या काळात ज्या कुंडल परिसराने गावोगावचे तंटे स्वतः मिटविले, त्याला हे झेपणार नाही असे कोण म्हणेल?

याला मोठा खर्च लागत नाही. गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. महाविद्यालयाचे विद्यार्थी, प्राथमिक शिक्षक आणि तलाठी यांनी एका उन्हाळ्यात भिंतींवरील पुराच्या खुणा, बुजलेले ओढे, क्षारपड गट व उरलीसुरली गायराने त्यावर नोंदवावीत. ग्रामसभेने दुरुस्त करून मान्य केलेला हा नकाशा जिल्हा नियोजन समितीपुढे जावा, आणि त्याविरुद्ध निर्णय घेतल्यास त्याची कारणे समितीने लेखी द्यावीत. त्या वृद्धाच्या भिंतीला गेल्या दिवाळीत नवा रंग दिला. वरची खूण राखली आहे. खालची आता दिसत नाही.