बंदिजनांची रजा : दया की सवलत?

शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला रजा कशासाठी, हा प्रश्न अशी एखादी बातमी आली की हमखास विचारला जातो. तो अस्थानी नाही. ज्या घराला गुन्ह्याची झळ लागली, त्या घराला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणूनच ही तरतूद नेमकी काय आहे, हे आधी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रात 1959 च्या नियमांनुसार ही रजा दोन प्रकारची आहे. ठरावीक काळ तुरुंगात काढल्यावर मिळते ती संचित रजा, म्हणजे फर्लो. तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. घरातील गंभीर आजार, मृत्यू, विवाह अशा निकडीसाठी मिळते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. बंद्याची घराशी असलेली नाळ तुटू नये, हा दोहोंमागील हेतू. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली तो मान्य केला. मात्र फर्लो हा निरपवाद हक्क नव्हे, असेही 2021 साली बजावले.

कोरोनाकाळात या तरतुदीची कसोटी लागली. मे 2020 मध्ये राज्याने 45 दिवसांच्या आपत्कालीन पॅरोलचा नियम केला. ही रजा पुढे वाढत गेली. अखेर 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने साथीच्या काळात सुटलेल्यांना 15 दिवसांत परत हजर होण्यास सांगितले.

आमच्या मते खरा प्रश्न रजा असावी की नसावी हा नसून ती कोणाला मिळते, हा आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात 2017 साली 20 वर्षांची शिक्षा झालेला हरियाणातील डेराप्रमुख गुरमीत राम रहीम वारंवार बाहेर येतो. उलट गरीब बंद्याचा अर्ज पोलिसांच्या अहवालासाठी आणि जामीनदारासाठी अडून राहतो. वडिलांची माती होऊन जाते, मग कागद हाती येतो. नियम एकच, पण दार सर्वांना सारखे उघडत नाही.

फादर स्टॅन स्वामी तर शिक्षा झालेले नव्हते, केवळ कच्चे कैदी होते. कंपवाताने जर्जर झालेल्या या 84 वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंचे 5 जुलै 2021 रोजी वांद्रे येथील रुग्णालयात कोठडीतच निधन झाले. त्यांचा जामीन अर्ज तेव्हा न्यायालयापुढे प्रलंबित होता.

अर्जावर ठरल्या मुदतीत निर्णय व्हावा, नकाराची कारणे लेखी मिळावीत आणि पीडित कुटुंबाचे म्हणणेही ऐकले जावे, एवढी अपेक्षा शासनाकडून रास्त आहे. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. ‘मी बंदिशाळेत होतो’ हे प्रभूचे शब्द आपण मिस्सामध्ये ऐकतो. रजेवर आलेला बंदी आपल्याच गल्लीत उतरतो, तेव्हा आपण दार लावून घेतो की त्याच्या आईची विचारपूस करतो? तो मुदतीत परत जाईल की नाही, हे काही अंशी आपल्या उत्तरावरही अवलंबून असते.