फडातली बाळंतीण



घरची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली म्हणजे आपल्याकडे काय धांदल उडते ते आम्ही सांगावयास नको. शेगडीला कोळसा, धुरीला ओवा, डिंक-खोबऱ्याचे लाडू, अळिवाची खीर. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, बाराव्या दिवशी बारसे. सव्वा महिना होईपर्यंत तिने गार पाण्यात हात घालायचा नाही, घागर उचलायची नाही, वाऱ्याला बसायचे नाही. एखादी सून चौथ्याच आठवड्यात कळशी घेऊन निघाली, तर शेजारीपाजारी तिच्या सासूला नावे ठेवतात. यातल्या काही चाली सोडून द्याव्यात अशाही आहेत (बाळंतिणीला पाणी कमी प्यायला देणे ही त्यांतलीच एक). पण मूळ गोष्ट पक्की आहे. बाळंतिणीचे अंग ओले असते, त्याला वेळ द्यावा लागतो, हे आपल्या आज्यांना डॉक्टर येण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

आता आपल्याच उसाच्या फडात पाहा. आठ-पंधरा दिवसांची बाळंतीण कमरेला फडके आवळून पाचट काढीत असते, मोळी बांधीत असते आणि पंचवीस-तीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढत असते. पोर बांधावर, पाचटाच्या ढिगावर, नाहीतर बाभळीला बांधलेल्या झोळीत. राखणीला सहा-सात वर्षांची थोरली बहीण. हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाहून पाहून ते डोळ्यांत सलायचे थांबले आहे, एवढेच.

नवी आई कामावर केव्हा परतावी आणि परतल्यावर तिच्या लेकराचे काय, हा प्रश्न हल्ली पुष्कळ ठिकाणी चर्चेला येतो. शहरातल्या कचेऱ्यांपुरता तो आहे असे आपण समजतो. आमचे म्हणणे असे की, तो सर्वांत कडक स्वरूपात आपल्या कार्यक्षेत्रात, आपल्या बांधावर उभा आहे.

आधी कायद्याचे पाहू. मातृत्व लाभ कायदा १९६१ साली झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे कोणत्याही मालकाने जाणूनबुजून त्या स्त्रीला कामास लावू नये, असे त्यात स्पष्ट होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी उतरल्या. गंमत अशी की, कायद्याचे सहा आठवडे आणि आजीबाईंचा सव्वा महिना यांत चार-पाच दिवसांचेच अंतर आहे. दिल्लीचा कायदा आणि आपली चूल एकाच हिशोबाला आली!

रजेला पात्र होण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, अशी अट आहे. ऊसतोडणीची बाई ही अट एका हंगामात सहज ओलांडते. पण तिचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. उचल घेतली नवऱ्याने, अंगठा किंवा सही नवऱ्याची, करार मुकादमाचा, वाहतुकीचा करार गाडीमालकाचा. कारखान्याच्या कचेरीत टेबलावर बसणाऱ्या भगिनीला रजा मिळते (ती मिळालीच पाहिजे, तिच्या वाटणीचे काढून द्या असे आम्ही म्हणत नाही), आणि जिच्या कोयत्यावर त्या कचेरीचा दिवा जळतो ती कागदावर कुणीच नाही. कागदावर ती फक्त अर्धा कोयता.

हा ‘कोयता’ शब्दच सगळा घोळ करतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर उचल. नवरा तोडणार, बायको पाचट काढून मोळी बांधणार आणि वाहणार. दोघांपैकी एक बसला की उरलेल्याचे काम निम्म्यावर येत नाही, जवळजवळ थांबतेच. टोळीची गाडी भरत नाही, बाकीचे कोयते कुरकुरतात, मुकादम खाडा धरतो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड. कुठे पाचशे, कुठे हजार. तो दंड उचलीत चढतो, आणि उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधलेला. म्हणून “अहो, तीच थांबायला तयार नाही, आम्ही काय करणार?” असे जे सर्रास ऐकू येते, ते अर्धेच खरे आहे. ती थांबायला तयार नाही, कारण तिने हिशोब केलेला आहे. आपल्यापैकी कुणालाही त्या हिशोबात बसवले तर तोही तिसऱ्या दिवशी कोयता हातात घेईल.

या खाड्याची भीती किती खोल जाते, ते २०१९ साली दिसले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न तेव्हा गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्याची कारणे एक नव्हेत, अनेक आहेत. काही डॉक्टरांचा लोभही त्यात आहे. पण बाळंतपणानंतर अंग भरून येण्याआधी ओझी वाहिली की पिशवी खाली सरकते, अंग बाहेर येते, आणि मग “एकदाची काढूनच टाका” म्हणण्याची पाळी येते, ही साखळी आपल्याला नजरेआड करता येणार नाही.

आता पोराचे. सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, असे प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेले असते. कोपीतल्या आईचा दिवस मोजून पाहा. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकरी थापायच्या, पोराला पाजायचे. उजाडायच्या आत फडात. फड तळापासून लांब असला तर पोर एकतर थंडीत बरोबर न्यायचे, नाहीतर मागे ठेवून साखरपाण्यावर काढायचे. दुपारपर्यंत ऊर दाटून येतो, आणि चार दिवस असेच गेले की दूध आटते. संध्याकाळी वाढे विकायचे, स्वयंपाक करायचा, आणि रात्री दोनला गाडी भरायला आली की पुन्हा उठायचे. लसीकरणाचे सहावा, दहावा, चौदावा आठवडा हे दिवस याच धबडग्यात निघून जातात, कारण कार्ड राहिले गावाकडे आणि इथली आशाताई या कोप्यांना ओळखत नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या उसात तर बिबट्याच विणतो. त्या फडाच्या कडेला तान्हे पोर ठेवून वाकणाऱ्या आईचे लक्ष कोयत्यावर किती आणि पोराकडे किती असेल?

कुणी म्हणेल, हा मुकादमाचा प्रश्न, सभासदाचा काय संबंध? संबंध असा. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या पैशांतून वजा होऊन मगच उरलेले बिल आपल्या खात्यावर पडते. म्हणजे मजुरी देणारे खरे आपण. ऊस आपला, पैसा आपला. मग बाई तेवढी मुकादमाची कशी? दुसरे कुणी म्हणतील, आता यंत्रे येताहेत, प्रश्न आपोआप मिटेल. येऊ द्या. पण वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, पडलेला आडसाली ऊस आणि अरुंद सऱ्या यांत यंत्र कुठवर चालते ते आपल्याला ठाऊक आहे. बराचसा ऊस अजून कोयत्यानेच तुटतो आणि आणखी काही वर्षे तुटणार आहे. तेवढ्या वर्षांत जन्मणारी पोरे यंत्राची वाट पाहत थांबणार नाहीत.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०१७ पासून पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढेच सरकारने घालावेत, असे २०२२ साली ठरले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली. हे सर्व चांगलेच. पण दर वाढल्याने बाळंतिणीला काहीच मिळत नाही, कारण ती बसली की वाढीव दरही बसतो आणि खाडाही वाढीव होतो.

तेव्हा आपल्या हातात काय आहे, ते पाहू. आमच्या मते सर्वांत आधी खाड्याला हात घालावा. हंगामात जी बाई बाळंत होईल, किंवा बाळंत होऊन ज्या बाईचे सहा आठवडे व्हायचे आहेत, तिच्या कोयत्याला त्या मुदतीत खाडा लागणार नाही, ही अट वाहतूक करारात घालता येते. करार आपला कारखाना करतो, त्यामुळे अट घालण्याचा अधिकारही आपलाच. नुसता दंड माफ करून भागणार नाही, तिची निम्मी मजुरी भरून द्यावी लागेल. त्याला पैसा कुठून, हा प्रश्न सभेत पहिला उठेल. पाच लाख टन गाळपाचा कारखाना धरला तर टनाला एक रुपया म्हणजे पाच लाख रुपये होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला शंभर रुपये. चिटबॉयला आणि टोळीला ‘खुशाली’ म्हणून आपण एकरी किती मोजतो, त्याची बेरीज ज्याने त्याने मनातल्या मनात करावी. ती बेरीज अहवालात छापता येत नाही म्हणून बरे!

पाळणाघराबद्दल मात्र आमचे मत जरा निराळे आहे. कारखान्याच्या आवारात फीत कापून एक खोली उघडायची, भिंतीवर ससा-हत्ती काढायचे आणि फोटो छापायचा, हे सोपे आहे. त्या खोलीत ऊसतोडीचे एकही पोर येणार नाही, कारण आई दहा किलोमीटरवर फडात असेल. पाळणाघर हवे ते टोळीच्या तळावर. टोळीतलीच एखादी वयस्क बाई आणि गावातली एखादी ताई, अशा दोघींना सहा महिन्यांचे मानधन द्यावे. दोघींना दरमहा दहा-दहा हजार धरले तर एका तळाचा हंगामाचा खर्च एक लाख वीस हजार होतो. सगळे तळ पहिल्या वर्षी होणार नाहीत. दोन-तीन मोठे तळ धरावेत.

आणि खरी किल्ली शेतकी खात्याकडे आहे, पैशाकडे नाही. तळावर पाळणाघर काढले आणि फड लांब दिला तर आई पाजायला येणार कशी? म्हणून ज्या टोळीत अंगावर पिणारी पोरे आहेत, तिला तळापासून चालत जाता येईल असा फड द्यावा आणि लांबचे फड दुसऱ्या टोळ्यांना द्यावेत. तोडणी कार्यक्रम लावताना हे जमते. आम्ही जाणकारांशी बोललो, अडचण एकच निघाली, ती म्हणजे आपण. “माझा नंबर दोन दिवस मागं कसा गेला?” म्हणून गटाच्या ऑफिसात टेबल आपटणारे सभासद. महिना-महिना तोडीची वाट पाहणारे आपण, दोन दिवसांसाठी तावातावाने भांडतो. लागणीच्या नोंदीप्रमाणेच तोड व्हावी, हा आग्रह रास्तच आहे. या एका कारणासाठी दोन-तीन दिवसांची सूट असावी, एवढेच मागणे.

रात्रीच्या भरणीचे आम्हांला अजून नीट उत्तर सापडलेले नाही. सहा आठवड्यांनंतरही काही दिवस बाळंतिणीने मोळी वाहू नये, बांधणीच करावी, असे लिहून ठेवता येईल. पण रात्री दोन वाजता अंधारात गाडी उभी असताना ते कोण पाहणार? गाड्या निदान पहाटेपर्यंत थांबवता येतील का, याचा विचार शेतकी खात्याने आणि वाहतूकदारांनी एकत्र बसून करावा.

१९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून सहकाराने शाळा काढल्या, दवाखाने काढले, इंजिनीअरिंगची कॉलेजेही काढली. त्या सगळ्यांचा पैसा उसातूनच आला. या बायकांच्या लेकरांसाठी टनाला एक रुपया काढणे अवघड नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यांत हे टाकू नये. ते चहाच्या वेळी येतात आणि टाळ्यांत संपतात. करारातील अट, टनामागे एक रुपया आणि तोडणी कार्यक्रमातील सूट असे तीन स्वतंत्र ठराव मुदतीत लेखी द्यावेत, म्हणजे ते विषयपत्रिकेवर छापून येतील. महिला सभासदांनी सूचक व्हावे. आपल्याकडे सातबारा बाईच्या नावावर आणि सभेला बाप्या, असे चालते. या खेपेला तरी ज्यांच्या नावावर शेअर आहे त्यांनी स्वतः यावे.

सभेला अवकाश आहे, गाळप मात्र सुरू आहे. ज्यांच्या विहिरीवर पत्र्याची खोली, सावली आणि प्यायचे पाणी आहे, त्यांनी आपल्या फडात तोड चालू असेपर्यंत ती खोली टोळीतल्या लेकुरवाळ्यांना उघडून द्यावी आणि तसे आपल्या गटाच्या चिटबॉयला आधी कळवून ठेवावे. मोटरीचा स्टार्टर उघडा असेल तर तेवढा झाकून घ्यावा.